हार वाळेपर्यंत

हडपसर, पुणे
रविवार, १५ जून २०२५

प्रिय बद्री,

सप्रेम नमस्कार. मी इकडे बरा आहे आणि तू तिकडे बरा असशील असं धरून चालतो, कारण तू फोन उचलत नाहीस. तीन वर्षं होत आली. शेवटी पत्र लिहायचं ठरवलं. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "देते, पण लिहिता येतं ना अजून?" पुण्यात पाकीट घेतलं तरी टोमणा फुकट मिळतो, हे तुला सांगायला नको.

पत्रास कारण म्हणजे आनंदाची बातमी आहे. तुझा सुद्या सेल्समध्ये लागला! सेल्स इंजिनीअर. पाना-पकड सुटली, आता हातात बॅग आणि पायात पॉलिशचे बूट. मशीन दुरुस्त करायचं नाही, मशीनसाठी काय घ्यावं ते लोकांना पटवायचं. मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, आयटीआय पास, इंग्रजी म्हणशील तर आपलं रिसोडच्या शाळेतलं. मला कोण घेणार होतं? वर्षभर अर्ज करत होतो. सगळीकडे एकच उत्तर, सेल्सचा दोन वर्षांचा अनुभव हवा. अरे, कोणी घेतल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? एका ठिकाणी तर तिथल्या पोरानं माझा कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही असेल म्हणून.

मग मी एक उद्योग केला. दर रविवारी सकाळी मार्केट यार्डात जाऊन उभा राहायचो. काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं, विकणारी माणसं कशी विकतात ते. एक म्हातारा होता टोमॅटोच्या गाळ्यावर. तो मालाची स्तुतीच करायचा नाही. गिऱ्हाईक आलं की क्रेट उलटा करून तळाचा माल वर आणायचा आणि गप्प बसायचा. लोक त्याच्याकडूनच घ्यायचे. मी म्हटलं, हे आपल्याला जमेल. बोलायला लागत नाही.

मे महिन्यात एका कंपनीनं बोलावलं. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे सेन्सर विकते ही कंपनी. हो, तेच. लाइट कर्टन. तुला काय सांगायचं, पण आता मला ते गिऱ्हाईकाला असं सांगायला शिकवलंय: "साहेब, मशीनच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन पिवळे खांब. त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. वाट मोकळी असेल तर खांबावर हिरवा दिवा. हात आत गेला की दिवा लाल आणि प्रेस जागच्या जागी थांबणार."

मुलाखत घ्यायला उल्का मॅडम होत्या. आमच्या सेल्सच्या मुख्य. पेठेतल्या, पन्नाशीच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. मी म्हटलं, "मॅडम, अनुभव नाही." त्या म्हणाल्या, "बारा वर्षं कारखान्यात काय, झोपायला जात होतात?" मग टेबलावर एक कर्टन ठेवला आणि म्हणाल्या, "विका." मला एक वाक्य सुचेना. म्हणून मी तुझी गोष्ट सांगितली, बद्री. रागावू नकोस. नाव नाही घेतलं. माझ्याच खोलीत राहणारा मित्र, प्रेस ऑपरेटर, उजव्या हाताची चार बोटं गेली. एवढंच. त्यांनी एक-दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. त्यांनी माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारपासून या. बूट बदला."

असं झालं. खोली तीच आहे, गाडीतळाच्या मागची. तुझा खिळा अजून भिंतीत आहे, मी त्यावर काही अडकवत नाही. पाऊस झाला का तिकडे, सोयाबीन पेरलं का, तुझ्या मायचे, म्हणजे आमच्या मावशीचे, गुडघे कसे आहेत, कळव. तिला माझा नमस्कार सांग. उत्तर दिलंस तर फार बरं वाटेल, नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन.

तुझाच,
सुद्या


हडपसर, पुणे
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय बद्री,

तुझं कार्ड मिळालं. आधी वाटलं शेजारच्या पोरानं काहीतरी गिरगटून आत टाकलंय. मग खाली नाव वाचलं आणि जिन्यातच बसलो. घरमालकीणबाई वरून ओरडल्या, "अहो, जिना चढायला असतो!" तरी उठलो नाही.

डाव्या हातानं लिहितोस, हसू नको म्हणालास. हसलो नाही रे.

कार्ड मला पाठ झालंय. तू लिहिलंस, "माझी गोष्ट सांगतो त्याची हरकत नाही. पण सांगतो तर पूर्ण सांगत जाय. हार वाळायच्या आधी मीच काढला होता, तेही सांग. माय मले अजून घटाजवळ बसू देत नाही. तिचं काही चुकत नाही. तिनं नऊ दिवस उपास धरला होता अन् मी देवीचा हार कचऱ्यात टाकला."

मला हे माहीत नव्हतं, बद्री. म्हणजे मावशी असं काही म्हणते एवढं गावाकडून उडत उडत आलं होतं. पण तुलाही तसंच वाटतं, तीन वर्षं तू घटापासून लांब भिंतीला टेकून बसतोस, हे माहीत नव्हतं. खंडेनवमीला मशीनवर घातलेला हार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू काढलास, म्हणून देवी कोपली आणि तिनं तुझा हात घेतला. असं कुठं असतं का? देवीला एवढी कामं असताना ती रामटेकडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसेल का? मावशीला सांग असं काही नसतं. आणि तू हार कचऱ्यात टाकला नव्हतास. कपाळाला लावून स्टार्टरच्या पेटीवर ठेवला होतास, नीट गोल करून. हे तरी तिला सांग.

बरं, इकडची हकिकत. काम जमतंय. तू म्हणशील सुद्या फुशारक्या मारतोय, पण खरंच जमतंय. उल्का मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पुण्यात विकायचं तर तोंड बंद ठेवा. इथे गिऱ्हाईकच जास्त बोलतं." मी गप्प बसतो आणि पॅनल उघडून बघतो, मशीन किती जुनं, ब्रेक किती झिजलाय, खांब किती लांब बसवायला हवेत. कारखान्यातली माणसं मला आपलं समजतात. बी.ई. झालेली आमची पोरं कागदावरून बोलतात, मी हातावरच्या ग्रीसवरून बोलतो. मॅडम म्हणाल्या, "अनुभव नाही, अनुभव नाही म्हणत होतात, तो हाच की!" गेल्या महिन्यात सगळ्यांत जास्त कर्टन मीच विकले.

पण एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. आमच्यात डेमो द्यायची एक रीत आहे. पांढऱ्या हातमोज्यात चिंध्या भरायच्या, तो काठीला बांधायचा आणि चालू प्रेसमध्ये घालायचा. कर्टन मशीन थांबवतो, हातमोजा शाबूत राहतो, लोक टाळ्या वाजवतात. पहिल्या डेमोच्या आदल्या दिवशी मला तो हातमोजा भरायला दिला. चार बोटं भरली आणि पुढे हातच चालेना. हातमोजा तसाच पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी काठी गाडीतच ठेवली आणि स्वतःचा हात घातला. उजवा, मनगटापर्यंत. मशीन थांबलं. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यानं जागेवर ऑर्डर दिली.

तेव्हापासून मी प्रत्येक डेमोत माझा हात घालतो. ऑफिसातले मला वाघ म्हणतात. त्यांना वाटतं मालावर भरवसा आहे. वर लोखंड थांबलेलं असतं, खाली माझी बोटं असतात, आणि मी मनात म्हणतो, आता पड. पडत नाही. कधीच पडत नाही, बद्री.

रात्री झोप बरी लागते, त्याची काळजी करू नकोस. त्रास दिवसाच आहे. हिरवा दिवा दिसला की माझा पाय उचलत नाही. मगरपट्ट्याच्या सिग्नलला परवा हिरवा लागला आणि मी मोटरसायकलवर तसाच. मागच्या काकांनी हॉर्न वाजवला, मग शेजारी येऊन शांतपणे म्हणाले, "याहून हिरवा होत नाही तो. निघा." हसू आलं, पण पुढे गेल्यावर गाडी बाजूला लावून दहा मिनिटं उभा होतो.

तू त्या दिवशीचं विचारलेलं नाहीस, तरी लिहितो. मी तेव्हा मागच्या स्टोअरमध्ये होतो, हे तुला माहीतच आहे. आवाज ऐकून आलो तोवर तुला टेम्पोत घातलं होतं. मागाहून ससूनला आलो. तुला भेटायला नंतर जास्त आलो नाही, त्याचं कारण सुट्टी मिळत नव्हती.

येत्या बुधवारी गणपती बसतील. खालच्या मंडळाचा मांडव खिडकीला टेकलाय, आता दहा दिवस ढोल ऐका. मावशीला नमस्कार. तिला म्हणावं, सुद्यानं सांगितलंय, देवीचं काही नाही. माझं ऐकते ती.

तुझा,
सुदर्शन


हडपसर, पुणे
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

बद्री,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच. वाचून झालं की मावशीला वाचून दाखव. पाकिटात कागदात गुंडाळलेली एक वस्तू आहे, ती शेवटी उघड.

परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, लोणी काळभोरच्या पुढे एका कारखान्यात डेमो होता. जुना गिऱ्हाईक. त्यांच्या एका प्रेसवर आमचाच कर्टन आहे, आणखी सहा प्रेसना हवेत. मोठी ऑर्डर म्हणून उल्का मॅडम स्वतः आल्या होत्या. मॅनेजर म्हणाले, "ते हात घालणारे तुम्हीच ना? दाखवा आमच्या पोरांना." वीस-पंचवीस ऑपरेटर गोल करून उभे. प्रेस पुजलेली होती. कुंकू, हळद, खाली फोडलेला नारळ. हार मात्र एका बाजूला सरकवून ठेवला होता, डेमोत मध्ये येऊ नये म्हणून. कर्टनवर हिरवा दिवा.

मी बाही वर केली. प्रेस चालू झाली. हात पुढे केला, आणि खांबाच्या बुडाशी झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या दिसल्या. तुझ्या मशीनखाली होत्या तशा. हात तिथेच राहिला. मी म्हटलं, "मशीन बंद करा. पॅनल उघडा."

त्यांचा इलेक्ट्रिशियन पुढे आला, साठीला टेकलेला, सगळे त्याला माऊली म्हणतात. त्यानं पॅनल उघडलं. आत, कर्टनच्या जोडणीवर, वीतभर लाल वायर. त्या वायरमुळे खांबावरचा दिवा हिरवा-लाल होत राहतो, पण मशीनला त्याचं काही कळत नाही. हात घाल नाहीतर डोकं घाल, प्रेस थांबत नाही.

माऊली म्हणाला, "त्ये व्हय? हार हाय ना सायेब. हारानं किरण आडत व्हतं, मशीन चालंना. मालकांला पूजेचा पयला पीस काढायचा व्हता. म्हून टाकली. हार वाळला की काढतो."

हार वाळला की काढतो. बद्री, हेच शब्द. तीन वर्षांपूर्वी मी हेच शब्द बोललो होतो.

आता सांगतो. खंडेनवमीला आपल्या मालकीणबाईंनी तुझ्या प्रेसला हार घातला, या खांबापासून त्या खांबापर्यंत. लाल दिवा लागला. मालकांना मुहूर्ताचा एक पीस काढायचा होता आणि मशीन हलेना. कोणीतरी हार वर सरकवायला गेलं तर बाई म्हणाल्या, "अहो, हात लावू नका. वाळेपर्यंत तसाच राहू दे." तू तेव्हा बाहेर प्रसादाच्या रांगेत होतास. मी पॅनल उघडलं आणि वायर टाकली. पीस निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मालक म्हणाले, "सुदर्शन, तुझं डोकं चालतं हं." मला फार बरं वाटलं होतं. वायर टाकल्याचं मी कुठे लिहिलं नाही, पाटी लावली नाही, तुला सांगितलं नाही. म्हटलं, हार वाळला की काढतो.

दसऱ्यानंतरच्या सकाळी तू पहिल्या पाळीला आलास. हार किरणांमध्ये येतोय हे तू पाहिलंस. दुसरा कोणी असता तर तसंच मशीन चालू केलं असतं. तू हार काढलास, कपाळाला लावलास, स्टार्टरच्या पेटीवर गोल करून ठेवलास. हिरवा दिवा लागला. आता सगळं ठीक आहे म्हणून तू कामाला लागलास. तू योग्य तेच केलंस, बद्री. त्या शेडमध्ये त्या सकाळी योग्य वागलेला माणूस तू एकटा होतास.

मागच्या पत्रात मी हार कुठे ठेवला ते लिहिलं. तुला प्रश्न पडला असेल की स्टोअरमध्ये असलेल्या सुद्याला हे कसं कळलं. मी स्टोअरमध्ये नव्हतो. मी दारात उभा होतो, हातात चहा घेऊन. तुला हार काढताना मी बघितलं. हिरवा दिवा लागलेला बघितला. वायर आत आहे हे त्या क्षणी मला आठवत होतं. मी विसरलो असतो तरी बरं झालं असतं. मी म्हटलं, एवढा चहा संपवतो आणि काढतो. अर्धा कप राहिला होता. दोन-तीन पीस व्यवस्थित निघाले. चौथा तिरका बसला आणि तू तो सरळ करायला हात घातलास, रोज घालायचास तसा, कर्टन थांबवणार म्हणून.

आवाज झाल्यावर सगळे तुझ्याकडे धावले. मी पॅनलकडे धावलो. तू "सुद्या कुठे आहे, सुद्याले बोलवा" असं ओरडत होतास, ते मला ऐकू येत होतं. मी वायर उपसली, खिशात घातली, पॅनल बंद केलं. तोवर टेम्पो निघाला होता. चौकशीला सरकारी माणूस आला तेव्हा कर्टन उत्तम चालत होता. त्यांनी लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मी खाली साक्षीदार म्हणून सही केली.

आणि मुलाखतीत उल्का मॅडमनी खरं म्हणजे एकच प्रश्न विचारला होता. "त्या प्रेसला कर्टन होता का?" मी म्हणालो, "नव्हता मॅडम. असता तर वाचला असता." माझी नोकरी या वाक्यावर उभी आहे. तेव्हापासून हे वाक्य मी किती कारखान्यांत म्हटलं असेल याची गणती नाही. कंपनीनं ते माहितीपत्रकावर छापलंय, कुणा भलत्याच माणसाच्या हाताच्या फोटोखाली. तुझी बोटं मी गावोगाव विकली, बद्री, आणि दोष आधी तुझ्यावर आणि मग देवीवर जाऊ दिला. देवी काही चौकशीला येणार नव्हती.

लोणीला त्या वीस-पंचवीस जणांसमोर मी हे सगळं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. मॅनेजर मध्येच फोनचं निमित्त करून निघून गेले. ऑपरेटर खाली बघत होते. माऊलीनं पकड घेऊन वायर काढली, मग हार उचलला, कपाळाला लावला आणि मशीनच्या पायाशी ठेवला. आम्ही निघालो तेव्हा तो गेटपर्यंत आला. म्हणाला, "सायेब, तुमच्या त्या मैतराला ह्ये म्हाईत हाय का?" मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "मंग आमाला सांगून काय उपेग?"

परतताना उल्का मॅडम गाडी चालवत होत्या. हडपसरच्या सिग्नलला गाडी थांबली. मी म्हटलं, "मॅडम, उद्या राजीनामा लिहून आणतो." त्या म्हणाल्या, "खोटं बोलून आलात आणि आता पळूनही जायचंय? तुमचं काय करायचं ते मी ठरवीन. ते माहितीपत्रक मात्र उद्यापासून बंद. आणि लिहायचंच असेल तर आधी ज्याला लिहायला हवं त्याला लिहा." सिग्नल हिरवा झाला, त्यांनी गाडी काढली. खाली उतरलो तेव्हा त्या रडत होत्या की चष्मा पुसत होत्या, मला कळलं नाही.

काल मी ज्या ऑफिसनं तुझी चौकशी केली होती तिकडे सगळं लिहून पाठवलं, सहीनिशी. मालकांनाही एक प्रत पाठवली. त्यातून काय निघेल ते निघो. माझी नोकरी राहील असं वाटत नाही आणि राहावी असं मी कुणाकडे मागणारही नाही. हे तुला उपकार म्हणून सांगत नाही. मार्केट यार्डातला तो म्हातारा आधी तळाचा माल दाखवायचा. मी सगळ्यांत शेवटी दाखवतोय, तोही नासल्यावर.

आता ती पुडी उघड. हीच ती वायर. तीन वर्षं ट्रंकेत होती, तुझ्या राहिलेल्या शर्टात गुंडाळलेली. किती वेळा फेकायला निघालो, कालव्यापर्यंत जाऊन परत आलो. ती मावशीच्या हातात दे. तिला म्हण, नीट बघ, हिला हात लावून बघ. वीतभर तांबं आणि वर लाल प्लॅस्टिक. तुझ्या पोरानं देवीचा अपमान केला नव्हता. त्यानं हार कपाळाला लावून बाजूला ठेवला होता, एका माणसानं बघितलंय. तो माणूस तिच्या घरी जेवलेला, तिच्या हातची भाकरी खाल्लेला आहे. शिव्या द्यायच्या तर त्याला दे म्हणावं.

पुढच्या वर्षी घट बसतील तेव्हा भिंतीपाशी बसू नकोस. पुढे जाऊन बस. पहिली माळ तू बांध, डाव्या हातानं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि तुझ्यावर आणखी एक काम पडेल. तू बोलावलंस तर पहिल्या एस.टी.नं येईन आणि मावशीसमोर उभा राहीन. नाही बोलावलंस तर येणार नाही. आधीच्या दोन्ही पत्रांखाली "तुझा" लिहिलं, आज ते लिहायला हात धजत नाही.

हातातला चहा तेव्हाच खाली ठेवायला हवा होता, तो
सुदर्शन